दात म्हणजे तापमापक नव्हे

हाडाचे दोन घटक वेगळे करून दाखवणारा एक प्रयोग शाळांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. कोंबडीच्या पायाचे एक हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवले की ते रबरी नळीसारखे वाकते. दुसरे हाड ज्योतीवर धरले की ते आधी काळे पडते, मग पांढरे होते आणि चिमटीत दाबताच त्याचा चुरा होतो. मग फळ्यावर निष्कर्ष येतो : आम्लामुळे खनिज गेले, सेंद्रिय भाग उरला, आगीमुळे सेंद्रिय भाग गेला, खनिज उरले. वाक्याची दोन्ही पारडी समान आहेत, ते चटकन पाठ होते आणि उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुण मिळतात.

या वाक्याचा दुसरा भाग मात्र तपासून पाहायला हवा. आगीनंतर खनिज उरते हे खरे; पण जे उरते ते आधीचे खनिज नसते. त्यातले पाणी गेलेले असते, कार्बोनेट कमी झालेले आणि जागा बदललेले असते, काही फॉस्फेट आयन एकमेकांना जोडले जाऊन पुन्हा सुटलेले असतात आणि स्फटिक अनेक पटींनी वाढलेले असतात. आग ही काही चाळणी नव्हे, की जळणारे खाली पडेल आणि न जळणारे जसेच्या तसे वर राहील.

याच्या नेमका उलट असा दुसरा समज संशोधनाच्या लेखांतून आढळतो. खनिज बदलते, आणि ते इतके शिस्तीत बदलते की जळालेल्या दाताचा वर्णपट काढला की त्याला किती अंशांची आच लागली ते वाचता येते, असा तो समज. जळालेल्या देहाची ओळख पटवताना, माणसाने आगीवर ताबा केव्हा मिळवला हे ठरवताना, किंवा जिवंत दातावर लेसर वापरावा की नाही याचा विचार करताना या समजावर बराच भार टाकला जातो. म्हणून गेल्या चार-पाच दशकांतील काही महत्त्वाच्या अभ्यासांकडे जरा चिकित्सकपणे पाहण्याचा इथे विचार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे काम उत्तम आहे. बिघाड होतो तो वर्णपटातील सारी माहिती एका आकड्यात कोंबताना आणि त्या आकड्यापुढे ‘अंश सेल्सिअस’ लिहिताना.

तपासणीसाठी हाडापेक्षा दात सोयीचा, कारण एकाच वस्तूत दोन अगदी वेगळ्या ऊती शेजारी शेजारी मिळतात. बाहेरचे एनॅमल, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. बाकी पाणी आणि टक्काभर सेंद्रिय पदार्थ. आतल्या डेंटीनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, सेंद्रिय पदार्थ २० टक्के आणि पाणी १० टक्के. हा सेंद्रिय पदार्थ मुख्यत्वे कोलॅजेन हे प्रथिन. एनॅमलचे स्फटिक लांबलचक आणि सुमारे ५० नॅनोमीटर रुंद. डेंटीनचे त्यांच्या तुलनेत फारच लहान. दोन्हींतले खनिज एकाच घराण्यातले, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. पुस्तकात त्याचे जे सूत्र दिलेले असते, दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल, ते आदर्श स्फटिकाचे. दातातला स्फटिक भेसळीचा असतो. फॉस्फेटच्या काही जागी कार्बोनेट शिरलेले असते (एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ३ टक्के, डेंटीनमध्ये त्याहून जास्त), काही कार्बोनेट हायड्रॉक्सिलच्या जागी असते, काही फॉस्फेटला हायड्रोजन चिकटलेला असतो, शिवाय सोडियम, मॅग्नेशियम, क्लोरीन आणि स्फटिकाच्या आत अडकलेले पाणी. तापवल्यावर जे काही घडते ते या भेसळीमुळे घडते. शुद्ध हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हजार अंशांपर्यंत तापवले तरी त्यात फारसे नाट्य नसते.

ही भेसळ दिसते अवरक्त वर्णपटात. रेणूंतले किंवा आयनांतले बंध स्प्रिंगसारखे कंप पावतात. प्रत्येक प्रकारच्या कंपनाची वारंवारता ठरलेली असते आणि त्याच वारंवारतेचे अवरक्त किरण तो बंध शोषून घेतो. नमुन्यातून पार झालेल्या किरणांत कोणते किरण कमी झाले ते पाहिले की आत कोणते बंध आहेत ते कळते. मोजमाप करताना एका सेंटीमीटरात किती लहरी मावतात तो आकडा वापरतात. त्याला तरंगसंख्या म्हणतात. दाताच्या वर्णपटात सर्वांत ठळक शोषण १००० ते ११०० च्या दरम्यान दिसते, ते फॉस्फेटचे. फॉस्फेटचीच दुसरी जोडी ५६५ आणि ६०३ ला. कार्बोनेट १४१५, १४५० आणि ८७० च्या आसपास. त्यातले हायड्रॉक्सिलच्या जागी बसलेले १५४५ जवळ वेगळे ओळखू येते. हायड्रॉक्सिलची बारीक, टोकदार रेघ ३५७० ला. कोलॅजेनचे पट्टे १६५० आणि १५५० च्या सुमारास.

यातच एक अडचण आहे, आणि ती वर्गात सांगण्याजोगी आहे. पाण्याचे शोषण १६४० जवळ येते, म्हणजे कोलॅजेनच्या पट्ट्याला जवळजवळ झाकून टाकते. दात तापवल्यावर हा उंचवटा कमी झाला, तर पाणी उडाले की प्रथिन मोडले? फक्त त्या एका उंचवट्याकडे पाहून सांगता येत नाही. पाण्याचा ३००० ते ३६०० मधला रुंद पट्टा आणि प्रथिनाचा १५५० चा पट्टा सोबत पाहावा लागतो. वर्णपट म्हणजे हजेरीपट नव्हे. दोन विद्यार्थी एकाच नंबरवर ‘हजर’ म्हणू शकतात.

रामन वर्णपट हा या पद्धतीचा भाऊ. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेल्या ज्या शोधासाठी आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, तो शोध आज दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. फॉस्फेटची ९६० ची रेघ त्यात सुरेख दिसते आणि पाणी फारसे आड येत नाही. पण डेंटीन थोडेसे तापवले, की अर्धवट मोडलेले प्रथिन लेसरच्या प्रकाशात इतके चमकू लागते की त्या उजेडात रामन रेघा बुडून जातात. पुढे ते कोळसले की १३५० आणि १६०० च्या आसपास कार्बनचे दोन रुंद उंचवटे येतात. म्हणजे ज्या टप्प्यात सेंद्रिय भागाचे नेमके काय होते हे जाणून घ्यायचे, त्याच टप्प्यात ही पद्धत काहीशी आंधळी होते. एनॅमलसाठी ती फार चांगली, मध्यम तापलेल्या डेंटीनसाठी बेभरवशाची, असे सरळ म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य कामाकडे वळू. होल्कम आणि यंग यांचा मानवी एनॅमलच्या औष्णिक विघटनावरचा लेख १९८० सालचा. या विषयावरचे नंतरचे पुष्कळ लेख त्याच्यापुढे फिके वाटतात, कारण त्यांनी कोणताही ‘निर्देशांक’ शोधला नाही. एनॅमलची पूड नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात १००० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवली, आणि अवरक्त वर्णपट, स्फटिकजालाची मापे व वजनातील घट या तिन्हींचा मेळ घालत एकेका घटकाचा माग काढला. निष्पन्न काय झाले? कार्बोनेट जाऊ लागते ते आधी समजले जात होते त्यापेक्षा खूपच लवकर, अगदी १०० अंशांच्या सुमारासच. फॉस्फेटच्या जागेवरचे कार्बोनेट सुरुवातीपासून सतत घटत जाते. हायड्रॉक्सिलच्या जागेवरचे मात्र आधी घटते, २०० अंशांनंतर वाढू लागते आणि ८०० च्या आसपास कमाल होते. ही वाढ निदान बऱ्याच अंशी स्थलांतराची : स्फटिकाच्या आत कार्बोनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. हायड्रॉक्सिलचे प्रमाणही आधी वाढते, ४०० अंशांजवळ सर्वाधिक होते आणि मग उतरते. स्फटिकातले पाणी ८०० अंशांपर्यंत जातच राहते, पण त्याचा मोठा हिस्सा २५० ते ३०० च्या दरम्यान एकदम सुटतो आणि त्याच वेळी स्फटिकजाल एका दिशेने किंचित आकसते.

इथे थोडे थांबावे. ‘तापवले की कमी होते’ असा सरळ नियम आपल्या मनात असतो. इथे एक गोष्ट घटते, दुसरी वाढून घटते, तिसरी घटून वाढते. हायड्रोजन चिकटलेल्या फॉस्फेटांचे तर आणखीच निराळे. दोन फॉस्फेट एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात आणि पायरोफॉस्फेट तयार होते. आच आणखी वाढली की तेच पायरोफॉस्फेट पुन्हा साध्या फॉस्फेटमध्ये मोडते. म्हणजे जो पदार्थ मूळ दातात नव्हता आणि पूर्ण भाजलेल्या दातातही सापडणार नाही, तो मधल्या काही शे अंशांत जन्मून नाहीसा होतो. आणि मोडलेल्या कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड सगळाच्या सगळा बाहेर पडतो असेही नाही. तापवलेल्या एनॅमलच्या वर्णपटात २३४० जवळ एक छोटी रेघ उमटते; ती स्फटिकाच्या पोटात कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंची. घन खनिजाच्या आत वायूची ही कैद मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ६५०-७०० अंशांच्या पुढे खनिजाचा काही भाग ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या वेगळ्याच स्फटिकात बदलू लागतो. ‘खनिज उरले’ या दोन शब्दांत हे सगळे मावत नाही.

होल्कम-यंग यांच्या कामालाही मर्यादा आहे, पण ती त्यांनी लपवलेली नाही. नायट्रोजन आणि निर्वात. घराची आग, चिता किंवा चूल यांत हवा असते, वाफ असते, लाकडाच्या ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असतो. हा फरक किती महत्त्वाचा, ते पुढे जळालेल्या हाडांच्या कालमापनात दिसून आले. पूर्ण पांढऱ्या झालेल्या हाडात कोलॅजेन उरत नाही, म्हणून २००१ सालापासून त्यातल्या उरलेल्या कार्बोनेटवर कार्बन-१४ ची पद्धत वापरली जाऊ लागली आणि तारखा चांगल्या जुळल्या. नंतरच्या प्रयोगांत दिसले की या कार्बोनेटमधला कार्बन मोठ्या प्रमाणात सरपणाच्या धुरातून आलेला असतो. स्फटिक वाढताना भोवतीच्या वायूतला कार्बन त्यात शिरतो. म्हणजे आपण माणसाचे वय काढतो असे समजून पुष्कळदा लाकडाचे वय काढत असतो. झाड आणि माणूस समकालीन असले तर तारीख बरोबरच येते; जुन्या घराचे वासे चितेत घातले असतील तर येत नाही. ‘आगीत खनिज जसेच्या तसे उरते’ हे गृहीतक इथे थेट महागात पडले असते.

याउलट स्ट्रॉन्शियमचे. भाजलेल्या हाडातले स्ट्रॉन्शियम टिकून राहते, आणि मोठे झालेले स्फटिक मातीतल्या पाण्याला फारसे दाद देत नाहीत. त्याच आधारावर २०१८ साली इंग्लंडमधील स्टोनहेंज येथील २५ दहन झालेल्या व्यक्तींची हाडे तपासून, त्यांतले निदान दहा जण त्या परिसरात वाढलेले नव्हते, असे दाखवता आले. एकाच आगीने एक साक्षीदार फितूर केला आणि दुसरा पक्का केला. कोणता कोणता, हे रसायनशास्त्र पाहूनच कळते.

आता ज्या आकड्याविषयी तक्रार आहे तो आकडा. ५६५ आणि ६०३ ही फॉस्फेटची जोडी वर सांगितली आहे. स्फटिक लहान आणि अव्यवस्थित असतील तर हे दोन उंचवटे एकमेकांत मिसळतात. स्फटिक मोठे आणि सुबक झाले की त्यांच्यामधली दरी खोल होते. या दरीवरून स्फटिकतेचे माप काढण्याची कल्पना टर्माइन आणि पॉझ्नर यांनी १९६६ मध्ये मांडली. वाइनर आणि बार-योसेफ यांनी १९९० मध्ये ती पुरातत्त्वासाठी सोपी केली : दोन्ही उंचवट्यांच्या उंचीची बेरीज भागिले दरीची उंची. ताज्या हाडाचे उत्तर साधारण अडीच ते तीन येते. खूप भाजलेल्या हाडाचे त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. लक्षात घ्या, त्यांचा मूळ प्रश्न हाडे किती चांगली टिकली आहेत हा होता, किती तापली हा नव्हता. माप एका कामासाठी तयार झाले आणि दुसऱ्याच कामाला जुंपले गेले.

जुंपायलाही हरकत नाही, पण त्याचे दोष ठाऊक हवेत. न तापवलेल्या एनॅमलचे स्फटिक मुळातच मोठे, त्यामुळे त्याचा आकडा न तापवलेल्या हाडापेक्षा वरूनच सुरू होतो. हाडासाठी केलेला तक्ता एनॅमलला लावला, तर थंड दातही भाजलेला वाटेल. हाडांच्या बाबतीत हा आकडा पहिल्या चार-पाचशे अंशांत जेमतेम हलतो, म्हणजे ज्या पट्ट्यात स्वयंपाक होतो त्या पट्ट्यात तो जवळपास मुका आहे. फार तापल्यावर ६३० ला हायड्रॉक्सिलचा नवा उंचवटा उगवतो आणि हिशेबाच्या रेषेतच ढवळाढवळ करतो. एकाच तापमानाला तासभर आणि दिवसभर तापवलेल्या नमुन्यांची स्फटिकता सारखी येत नाही, कारण स्फटिकाच्या वाढीला वेळ लागतो. आणि नमुना खलात किती बारीक केला त्यावरही उत्तर बदलते. सुरोव्हेल आणि स्टाइनर यांनी २००१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले आणि पूड करण्याची पद्धत ठरवून घ्यायला सांगितले. पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये दाबलेली चकती आणि नमुना थेट स्फटिकावर टेकवून घेतलेले मोजमाप यांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. खलात दहा मिनिटे अधिक घोटल्याने ज्या संख्येत फरक पडतो, तिला आगीचे तापमान म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

सर्वांत मोठा आक्षेप स्टाइनर आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या लेखातून पुढे आला, आणि तो त्यांनी स्वतःच्याच क्षेत्रावर घेतला हे विशेष. उघड्यावर आणि मातीत पडून राहिलेल्या हाडांचे स्फटिकही वाढतात. पूर्ण पांढरे झालेले हाड वगळले, तर भाजलेले आणि नुसतेच जुने झालेले यांची स्फटिकता एकमेकांत मिसळते. म्हणजे आकडा चढला याचा अर्थ ‘स्फटिक वाढला’ एवढाच. का वाढला, याचे उत्तर आकड्यात नसते. या बाबतीत एनॅमल डेंटीनपेक्षा भरवशाचे, कारण त्यात छिद्रे कमी, प्रथिन कमी आणि मातीतल्या पाण्याला शिरायला वाव कमी.

रंगाविषयी थोडक्यात. शिपमन, फॉस्टर आणि शोनिंगर यांनी १९८४ मध्ये मेंढ्या-शेळ्यांची हाडे आणि दात ९४० अंशांपर्यंत तापवून रंग, सूक्ष्मरचना, स्फटिक आणि आकसणे यांची नोंद केली. काम शिस्तीचे आहे. पण पुढे त्यातला रंगांचा भाग सुटा काढून तक्त्यासारखा वापरला जातो. रंग हवेवरही अवलंबून असतो. हे शाळेत सहज दाखवता येते : एकाच हाडाचे दोन तुकडे घ्या. एक उघड्यावर, दुसरा झाकणाला बारीक छिद्र पाडलेल्या पत्र्याच्या डबीत ठेवून निखाऱ्यात सारखाच वेळ ठेवा. उघडा तुकडा पांढरा होत जाईल, डबीतला काळाच राहील. (हे मैदानात करावे; वास येतो आणि तुकडे फुटून उडतात, म्हणून मुलांना लांब उभे करावे.) अस्थी सावडताना राखेतून जे तुकडे हाती येतात, त्यांत पांढरे, करडे, निळसर आणि काळे असे सगळेच असतात, चिता एकच असते. शिवाय जमिनीत मँगनीजच्या ऑक्साइडमुळेही हाडे काळी पडतात. इस्राएलमधील हयोनिम गुहेतल्या काळ्या हाडांबाबत जळाल्याचा आणि डागाळल्याचा फरक १९९७ मध्ये तपासावा लागला तो त्यामुळेच.

जिवंत दाताच्या बाबतीत हीच सावधगिरी वेगळ्या कारणाने हवी. स्टर्न आणि सॉग्नेस यांनी १९६४ च्या सुमारास दातावर रूबी लेसर टाकून पाहिला, तेव्हापासून ‘तापवलेले एनॅमल आम्लात कमी विरघळते, मग कीड रोखता येईल का’ हा प्रश्न चर्चेत आहे. कार्बोनेट गेले की खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही, हे तर्काला धरून आहे. पुढे कार्बन डायऑक्साइड लेसर आला. त्याची ९.६ मायक्रोमीटरची लहर म्हणजे तरंगसंख्या सुमारे १०४०. नेमके फॉस्फेटचे शोषण. ज्या उंचवट्यावरून आपण दात ओळखतो त्याच उंचवट्यातून तो तापतो. फाउलर आणि कुरोडा यांचा १९८६ चा लेख या बाबतीत आदर्श म्हणावा असा आहे. त्यांनी बदलांची तीन तापमान-पट्ट्यांत विभागणी केली आणि काही बदल विद्राव्यता कमी करतील तर काही, विशेषतः अकराशे अंशांपुढे बनणारे पदार्थ, ती वाढवतील असे स्वच्छ मांडले. शीर्षकातच ‘संभाव्य परिणाम’ असे शब्द आहेत. दाताच्या आतला मगज किती नाजूक, हे झॅक आणि कोहेन यांच्या १९६५ च्या माकडांवरील प्रयोगाने दाखवले होते : मगजाचे तापमान साडेपाच अंशांनी वाढले तेव्हा १५ टक्के दातांचा मगज मेला. पृष्ठभागावर शेकडो अंश आणि आत पाच अंश, एवढ्या अंतरात दंतवैद्याला काम करायचे असते.

आता अलीकडच्या एका दाव्याकडे पाहू, कारण शिक्षकांच्या वाचनात तो येण्याची शक्यता अधिक. इस्राएलच्या उत्तरेला जॉर्डन नदीकाठी गेशेर बनोत याकोव्ह हे ७,८०,००० वर्षांपूर्वीचे, एका जुन्या तळ्याच्या काठचे ठिकाण आहे. तिथे जळालेल्या गारगोटीच्या बारीक कपच्या ठरावीक जागी दाटीने सापडल्या आणि त्यावरून तिथे चुली असाव्यात, असे २००४ पासून मांडले गेले. ईरित झोहार आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तिथल्या माशांचे दात तपासले. हे मासे कार्प कुळातले, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातले. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. कोळणीकडून मोठ्या रोहूचे डोके आणले तर वर्गात ते काढून दाखवता येतात. दातांच्या कठीण आवरणातील स्फटिकांचा आकार क्ष-किरण विवर्तनाने मोजून, ते ५०० अंशांपेक्षा कमी तापमानाला तापले होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यावरून मासे शिजवले जात होते असे म्हटले. त्याआधी शिजवलेल्या अन्नाचा मान्य पुरावा १,७०,००० वर्षांपूर्वीचा, दक्षिण आफ्रिकेतील कंदांचा होता. उडी केवढी, ते उघड आहे.

वर केलेल्या तक्रारी या लेखाला किती लागू पडतात? बऱ्याचशा पडत नाहीत, आणि हे त्याचे मोठेपण. माणसाच्या किंवा मेंढीच्या दाताचा तक्ता त्यांनी उसना घेतला नाही; माशाच्या दाताचे आवरण माणसाच्या एनॅमलसारखे असले तरी तेच नव्हे, म्हणून आजच्या कार्पचे दात तापवून त्यांनी स्वतःची तुलना उभी केली. काळामुळे स्फटिक वाढतात हा आक्षेप ध्यानात घेऊन जीवाश्म दातांशीही तुलना केली. आणि दातांवरच विसंबले नाहीत. दातांचे पुंजके चुलींच्या जागांशी जुळतात, हाडे जवळजवळ नाहीत आणि दात मात्र विपुल आहेत, मासे मुख्यतः दोनच मोठ्या जातींचे आहेत, हे सगळे एकत्र ठेवले.

तरीही वर्गात सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘५०० पेक्षा कमी’ हे मोजमापातून आलेले आहे, आणि ती वरची मर्यादा आहे. मासे थेट जाळात टाकलेले नव्हते एवढे त्यातून निघते. ‘शिजवले’ हा शब्द स्फटिकातून येत नाही, तो जागेच्या पुराव्यातून येतो. चुलीशेजारी टाकलेले डोके मंद आचेवर तसेच तापले असते, तर दातातल्या स्फटिकाला त्यातला फरक कळला नसता.

मग अवरक्त वर्णपट घेऊन अधिक काही कळले असते का, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला तर तो चांगला प्रश्न आहे. शंभर ते तीनशे अंशांतल्या खुणा आपण पाहिल्या : थोडे कार्बोनेट जाणे, पाणी एकदम सुटणे, पायरोफॉस्फेटचा अल्पकाळचा जन्म. शिजवण्याच्या सर्वांत जवळच्या खुणा याच. पण तळ्याच्या चिखलात पावणेआठ लाख वर्षे पडलेल्या दातात कार्बोनेट बाहेरून पुन्हा येऊ शकते, पाणी पुन्हा शिरू शकते. स्फटिकाची वाढ मात्र उलटी फिरत नाही. संशोधकांनी स्फटिकाचा आकारच का मोजला असेल, हे यावरून समजते; आणि त्यांचे उत्तर ५०० च्या खाली कुठे, हे का सांगत नाही, तेही.